आधी दिवा, मग मुखवटा: मुलांना हॅलोविन कसा समजावून सांगावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत राहणारं मराठी कुटुंब, मुलगा ५ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. शाळेत हॅलोविनची तयारी सुरू झाली आहे. मुलगा शेजारच्या अंगणातला सांगाडा बघून रात्री एकटा झोपेनासा झालाय. मुलीला वर्गात पाच मिनिटं या सणाच्या उगमाबद्दल बोलायचंय. भारतातून आलेल्या आजीचं म्हणणं, भुताखेतांचा सण कशाला आणि दारोदार मागत कशाला फिरायचं. मुलांना हे सगळं नीट, खरं आणि न घाबरवता कसं सांगावं?

तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. मुलांपुढे मुखवटा आधी येतो आणि गोष्ट नंतर येते, किंवा येतच नाही. क्रम उलटा करा. आधी दिवा करा, त्याची गोष्ट सांगा, मग मुखवट्याकडे वळा. दिव्याची गोष्ट ऐकलेलं मूल सांगाड्याकडे वेगळ्या नजरेनं बघतं, आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच गोष्टीत आहे.

गोष्ट सांगण्याआधी तुमच्या स्वतःच्या मनात एक गोष्ट पक्की असू द्या. हा सण एका ठिकाणी, एका दिवशी जन्मलेला नाही. त्याचे तीन थर आहेत: आयर्लंड-स्कॉटलंडमधला ऋतुबदलाचा सण, ख्रिस्ती चर्चचे मृतांच्या स्मरणाचे दिवस आणि अमेरिकेतल्या गल्ल्यांमध्ये घडलेला मुलांचा खेळ. इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक चुका हे थर एकमेकांत कालवल्यामुळे झालेल्या आहेत.

सगळ्यात खालचा थर आयरिश. त्याचं नाव साऊइन. आयरिश स्पेलिंगमध्ये मध्ये म आणि ह दिसतात, म्हणून बरेच शिक्षक 'सॅमहेन' म्हणतात. मुलीला बरोबर उच्चार शिकवून पाठवा. आजही आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याला हेच नाव आहे. त्या जुन्या आयरिश समाजात, म्हणजे केल्ट लोकांत, वर्षाचे दोन भाग मानत, उजेडाचा आणि अंधाराचा, आणि अंधाराचा भाग या सणापासून सुरू होई. उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणांत ठेवलेली गुरं खाली आणायची. हिवाळाभर पुरेल इतका चारा नसेल तर काही जनावरं मारून मांस साठवायचं. पीक घरात आलेलं असे. पाच वर्षांच्या मुलाला इतकंच सांगितलं तरी पुरे: थंडी येणार, दिवस लहान होणार, म्हणून सगळे एकत्र जमले, जेवले आणि मोठी शेकोटी केली.

अशा रात्री आपलं जग आणि पलीकडचं जग यांच्यातलं दार किलकिलं होतं, असं ती माणसं मानत. पलीकडच्या जगात मेलेली माणसं होती, तसेच परीलोकातले लोकही होते. आयरिश लोककथांमध्ये घोड्याचं रूप घेणारा पूका नावाचा एक मायावी जीव आहे. या सुमाराला तो रानातल्या काळ्या बोरांवर, म्हणजे ब्लॅकबेरींवर थुंकतो, म्हणून त्यानंतर ती खायची नाहीत असं मुलांना सांगत. ही समजूत मुलांपुढे आवर्जून ठेवा आणि त्यांनाच विचारा, असं का म्हणत असतील? नऊ वर्षांची मुलगी थोडा विचार करून उत्तर शोधते: गारठा पडला की ती फळं मऊ पडून नासतात. लोकांच्या समजुतीमागे कुठला अनुभव दडलेला असू शकतो, हे या एका उदाहरणातून जितकं उमगतं तितकं व्याख्यानातून उमगत नाही.

इथे प्रामाणिकपणा सांभाळायला हवा. साऊइनबद्दलचं जुनं लिखाण आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजल्यानंतरचं आहे, आणि ते मठांमधल्या लेखनिकांच्या हातचं आहे. त्याआधी त्या रात्री नेमके कोणते विधी होत, याचं प्रत्यक्ष वर्णन हाती नाही. म्हणून '२,००० वर्षांपूर्वी केल्ट लोक कातडी पांघरून भुतांना पळवत' अशी छातीठोक वाक्यं मुलीच्या भाषणात नकोत. 'साऊइन नावाचा मृत्यूचा देव होता' हे तर साफ चूक. ती अठराव्या शतकात पसरलेली गैरसमजूत आहे. साऊइन हे सणाचं नाव आहे, देवाचं नाही.

दुसरा थर चर्चचा, आणि सणाचं नाव याच थरातून आलंय. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. जुन्या इंग्रजीत संतांना 'हॅलोज' म्हणत. त्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे 'ऑल हॅलोज ईव्हन', तेच आखडून हॅलोविन झालं. आपल्याकडे कोजागरी हे नाव 'को जागर्ति' यावरून आलं, तसंच हे बोलता बोलता झिजलेलं नाव आहे, असं सांगितलं की मुलांना पटकन कळतं. ८३५ साली पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांचा सम्राट लुई द पायस याने पोप चौथा ग्रेगरी याच्या सांगण्यावरून १ नोव्हेंबरचा हा दिवस आपल्या साम्राज्यात सर्वत्र लागू केला. सुमारे १००० सालाच्या आसपास फ्रान्समधल्या क्लुनी मठाचा प्रमुख ओदिलो याने त्याला जोडून २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा दिवस आपल्या मठांमध्ये सुरू केला.

'चर्चने साऊइन बळकावण्यासाठी हीच तारीख निवडली' हे वाक्य तुम्हाला जागोजागी दिसेल. ते तितकं सरळ नाही. इ. स. ८०० च्या सुमाराच्या आयरिश संत-दिनदर्शिकांमध्ये सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला आहे. १ नोव्हेंबर ही तारीख आधी इंग्लंड आणि जर्मन मुलखात दिसते, जिथे साऊइन नव्हता. पुढे दोन्ही एकाच आठवड्यात आले आणि एकमेकांत मिसळले, इतकं खात्रीनं म्हणता येतं. मुलीनेही तितकंच म्हणावं.

या थराशी आपलं थेट नातं आहे. गोव्यातली आणि वसईतली कॅथलिक कुटुंबं २ नोव्हेंबरला दफनभूमीत जातात, कबरी स्वच्छ करून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. तिथे सांगाडे किंवा चेटकिणी नसतात. या सणाचा मूळ शांत सूर मुलांना ऐकवायचा असेल तर हेच चित्र दाखवा.

दारोदार जाण्याची चालही याच दिवसांतली. इंग्लंडमध्ये गरीब माणसं आणि मुलं घरोघर जाऊन गाणं म्हणत, त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचं वचन देत आणि बदल्यात त्यांना छोटे गोड केक मिळत. त्या केकना 'सोल केक' म्हणत. स्कॉटलंडमध्ये मुलं सोंगं घेऊन निघत. तिथला नियम कडक होता: दारात गाणं, कविता किंवा किमान एखादा विनोद झाल्याशिवाय हातावर सफरचंद, अक्रोड किंवा नाणं पडत नसे.

आता जॅकची गोष्ट. तीही आयर्लंडची. जॅक नावाच्या लबाड लोहाराने सैतानाला दोनदा फसवलं. तो मेला तेव्हा स्वर्गाने त्याला घेतलं नाही आणि नरकानेही दार लावून घेतलं. सैतानाने फेकलेला एक निखारा त्याने पोखरलेल्या सलगमात ठेवला आणि तेव्हापासून तो कंदील घेऊन भटकतोय. दलदलीवर रात्री लुकलुकणाऱ्या उजेडाला म्हणून 'जॅक ओ' लँटर्न' म्हणतात. आपल्याकडे अशाच उजेडाला आग्यावेताळ म्हणत, तुमच्या आजींना तो शब्द नक्की माहीत असेल. लहान मुलाला सांगताना सैतान वगळा. 'सगळ्यांना फसवणाऱ्या जॅकला कुणी घरात घेईना, म्हणून तो दिवा घेऊन फिरतो' एवढ्याने काम होतं.

सलगमचा भोपळा कसा झाला? १८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं. सुमारे १० लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली, त्यांतली बरीच अमेरिकेत. तिथे हाताशी होता भोपळा. मोठा, आतून पोकळ आणि कोरायला कितीतरी सोपा. भोपळा मूळचा अमेरिका खंडाचाच. आपला लाल भोपळाही त्याच खंडातून आलेला, हे ऐकून मुलांना आणि आजींनाही नवल वाटेल.

'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द मात्र अगदी अलीकडचे. कॅनडातल्या वर्तमानपत्रांत ते १९१७ पासून सापडतात. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं या रात्री टारगट पोरं फाटकं उचलून नेणं, खिडक्यांना साबण फासणं असे उद्योग करत. गल्लीतल्या मोठ्यांनी त्यांना खाऊ देऊन गप्प करण्याची रीत हळूहळू बसवली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा खाऊ जवळजवळ थांबला. अमेरिकेत ते रेशनिंग १९४७ मध्ये उठलं आणि आजचा हॅलोविन त्यानंतर फोफावला. १९५० मध्ये फिलाडेल्फियात काही मुलांनी युनिसेफसाठी नाणी गोळा केली. शाळांमधून मिळणारी नारिंगी पेटी ही त्याच उपक्रमाची.

एवढं सगळं नऊ वर्षांच्या मुलीने पाच मिनिटांत कसं सांगायचं? सुतळीने. दोन मीटर जाड सुतळी घ्या. एका टोकाकडची ३० सेंमी सोडून तिथे पहिली गाठ मारा, ते ८३५ साल. तिथून १ सेंमी म्हणजे १० वर्षं. ९५ सेंमीवर दुसरी गाठ, १७८५: स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याने या रात्रीच्या खेळांवर कविता लिहिली ते साल. १०१ सेंमीवर तिसरी, १८४५, बटाट्याचा दुष्काळ. १०८ सेंमीवर चौथी, ट्रिक ऑर ट्रीट. आज आपण ११९ सेंमीच्या आसपास आहोत, तिथे शेवटची गाठ मारून उरलेली सुतळी कापून टाका. आता सुरुवातीचं सोडलेलं टोक पीळ उलगडून विसकटून टाका. ते साऊइन. ते कधी सुरू झालं याची तारीख नाही, म्हणून तिथे गाठ नाही.

वर्गात एका मुलाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं. तुमच्या मुलीने गाठीगाठीवर बोट ठेवत चालायचं. कॅन्डी मागण्याचा सगळा इतिहास शेवटच्या ११ सेंमीत, म्हणजे तिच्या तळहाताएवढ्या लांबीत मावतो हे वर्गाला डोळ्यांनी दिसतं. तिला पाठांतराची गरज पडत नाही, गाठ आली की वाक्य आठवतं. गाठी मोजून मारा. सुतळी ताणली जाते, म्हणून प्रत्येक माप पहिल्या गाठीपासूनच घ्या. मागच्या गाठीपासून घेत गेलात तर चूक वाढत जाते.

आता दिवा. भोपळा सगळेच कोरतात, पण एक तरी सलगमचा कंदील करा, कारण मूळ गोष्ट तीच आहे. तुमच्याकडे दुकानात रुटाबागा नावाने मिळतो तो कंद घ्या, वर जांभळा, आत पिवळसर. साधं पांढरं सलगम लहान पडतं. साधारण १२ सेंमी व्यासाचा आणि ७०० ग्रॅमच्या आसपासचा हवा. त्यावर बहुधा मेणाचा थर असतो, तो कोमट पाण्याखाली घासून काढा, नाहीतर सुरी घसरते. खालून १ सेंमीची चकती कापून बूड सपाट करा. वरून २ सेंमीचं झाकण कापा. हे दोन्ही काप मोठ्यांनीच द्यायचे. कंद इतका टणक असतो की सुरी मध्येच अडकते आणि जोर लावताना निसटते. खाली ओला टॉवेल घडी करून ठेवा.

मग काठापासून दीड सेंमी आत पेनने वर्तुळ काढा. त्याच्या आत सुरीच्या टोकाने आडव्या-उभ्या चिरा द्या आणि धातूच्या चमच्याने खरवडायला लागा. प्लास्टिकचा चमचा मोडतो. पोखरायला पाऊण तास ते तास जातो. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं, कारण वरचा थर सगळ्यात घट्ट असतो. तो सुटला की काम सरकतं. भिंत १ सेंमी राहिली की थांबा, बुडाशी दीड सेंमी ठेवा. आत टॉर्च धरून भिंतीतून उजेड कसा येतो ते बघत राहिलात तर जाडी समान राहते. कंद आधी उकडून मऊ करण्याचा मोह टाळा. सालही ढिली पडते आणि चेहरा खाली बसतो. डोळे दीड सेंमीपेक्षा लहान करू नका. चार-पाच दिवसांत कंद वाळून आकसतो आणि बारीक भोकं मिटून जातात. आकसलेला चेहरा सुरकुत्या पडून म्हाताऱ्यासारखा दिसायला लागतो, आणि हेच त्याचं खरं रूप. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या ग्रामजीवन संग्रहालयात अशा एका सलगम-कंदिलाची प्लास्टरमधली प्रतिकृती जपून ठेवलीय. त्याचं चित्र मुलांना दाखवा. भोपळ्याच्या हसऱ्या तोंडापेक्षा ते कितीतरी भेसूर आहे, म्हणून लहान्याला ते दिवा करून झाल्यावरच दाखवा. खरवडलेला गर फेकू नका, भाजणीत कालवून थालीपीठ लावा.

भोपळ्याबद्दल दोनच गोष्टी, कारण लोक तिथेच चुकतात. झाकण कापताना सुरी देठाच्या दिशेने तिरकी धरा. सरळ कापलेलं झाकण एका दिवसात सुकून आत पडतं. आणि जिथे चेहरा काढायचा ती भिंत आतून अडीच सेंमीपर्यंत खरवडून पातळ करा, मग कोरायची करवत अडत नाही. पाच वर्षांच्या मुलाने हाताने बिया काढायच्या आणि चेहरा आखायचा. नऊ वर्षांची मुलगी दातेरी छोटी करवत तुमच्या समोर बसून चालवू शकते, स्वयंपाकघरातली सुरी नाही. कोरलेला भोपळा बाहेरच्या थंडीत ५ ते ७ दिवस टिकतो, उबदार हवेत दोन-तीन दिवसांतच बुरशी धरते. म्हणून २८ ऑक्टोबरच्या आधी कोरू नका. दोन्हीत बॅटरीचा दिवा ठेवा. पायघोळ पोशाखाची मुलं दारात वाकतात तेव्हा पेटती मेणबत्ती फार धोक्याची.

दिवा तयार झाला की घरातले दिवे मालवा, तो लावा आणि त्याच उजेडात पाच वर्षांच्या मुलाशी बोला. त्याची भीती भुताची आहे असं आपल्याला वाटतं, पण या वयात बहुधा दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, दिसतं तेच खरं असं त्याला वाटतं, म्हणून मुखवट्याआड माणूस आहे हे माहीत असूनही ते त्या क्षणी पटत नाही. दोन, मरण म्हणजे काय हे त्याला अर्धवट माहीत असतं. पाचेक वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांना मेलेला माणूस परत येईल असं वाटतं. मरण कायमचं असतं आणि मेल्यावर शरीर काहीच करत नाही हे हळूहळू, साधारण सात वर्षांपर्यंत उमगतं.

इथे आपली मराठी आपल्याला अडचणीत आणते. 'आजोबा देवाघरी गेले' असं आपण म्हणतो. मूल शब्दशः ऐकतं आणि विचारतं, मग परत कधी येणार? 'झोपले' म्हणालात तर ते झोपायलाच घाबरतं. त्यापेक्षा सरळ सांगा: 'आजोबांचं शरीर काम करायचं थांबलं. आता ते परत येणार नाहीत. त्यांना काही दुखत नाही. आपण त्यांची आठवण काढतो.' त्यानंतर घरातली श्रद्धा सांगायची असेल तर 'आपल्या घरात असं मानतात की' अशी सुरुवात करा. आयरिश लोकांबद्दल बोलतानाही 'मानत असत' हेच क्रियापद वापरा. 'त्या रात्री भुतं येतात' आणि 'त्या रात्री भुतं येतात असं लोक मानत' या दोन वाक्यांत मुलाच्या झोपेपुरतं फार मोठं अंतर आहे.

सांगाड्यासाठी त्याचाच हात त्याच्या बरगड्यांवर ठेवा. एकेक बरगडी चाचपू द्या, मग मनगट, मग हनुवटीचं हाड. मोठ्या माणसात अशी २०६ हाडं असतात, त्यांच्यामुळेच आपण उभे राहतो. मग दिवसाउजेडी, दुपारी, शेजारच्या अंगणात जा आणि त्या प्लास्टिकच्या सांगाड्यात बरगड्या शोधा. रात्री नको. पहिली भेट उजेडातच व्हायला हवी.

मुखवट्याचंही तसंच. तो मुलाच्या हातात द्या, आतली बाजू आणि मागचा रबर बघू द्या. मग तुम्ही तो कपाळावर ठेवा, चेहरा उघडाच असू दे, आणि नेहमीच्या आवाजात बोलत राहा. नंतर एक डोळा झाकेल इतका खाली घ्या. पूर्ण मुखवटा लावायचा की नाही हे त्याने ठरवायचं. नको म्हणाला तर तिथेच थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. अचानक मागे वळून 'भॉक' करणारे काका-मामा या कामात सगळी मेहनत पाण्यात घालवतात, त्यांना आधीच बजावून ठेवा.

आता आजी. त्यांचा 'मागत कशाला फिरायचं' हा प्रश्न योग्य आहे, आणि स्कॉटलंडची जुनी रीत हेच त्याचं उत्तर: फुकट काही नाही, आधी गाणं. कोकणात शिमग्याला सोंगं घरोघर येतात, नाचतात आणि पोस्त घेऊन जातात, त्याला कुणी भीक म्हणत नाही. भोंडल्यात गाणी झाल्याशिवाय आणि ओळखल्याशिवाय खिरापत मिळत नाही. मुलांनी दारात एक कडवं म्हणायचं असं घरात ठरवा, मराठी गाणं असलं तरी चालेल. अमेरिकेत हल्ली असं फारसं कुणी करत नाही, त्यामुळे दार उघडणाऱ्यांना आनंदच होतो.

भुताखेतांचा सण या आक्षेपावर पितृपक्ष आठवून द्या. भाद्रपदाच्या वद्य पक्षात आपण गेलेल्यांसाठी पान वाढतो, धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावतो. गेलेल्यांची आठवण आणि दिवा, या दोन्ही गोष्टी आजींच्या ओळखीच्या आहेत. पण मुलांना सांगताना रेघ स्पष्ट आखा. सारखेपणा आहे, नातं नाही. हॅलोविन पितृपक्षातून आला किंवा पितृपक्ष तिकडे गेला असं काही घडलेलं नाही. मेक्सिकोचा मृतांचा दिवसही वेगळा सण आहे, १ आणि २ नोव्हेंबरचा. त्याला 'मेक्सिकन हॅलोविन' म्हणू नये. त्यात झेंडूच्या फुलांनी गेलेल्यांची वाट सजवतात, आणि आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा तिकडचाच आहे. काही वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकाच वेळी येतात. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. अशा वर्षी एका उंबऱ्यावर पणती आणि भोपळा दोन्ही राहतात, मुलांना त्यात काहीच वावगं वाटत नाही.

घरात करायला एक पदार्थ हवा असेल तर आयरिश बार्मब्रॅक, म्हणजे बेदाण्यांचा गोड पाव, करा. पारंपरिक पावाला यीस्ट लागतं, हा चहाचा सोपा प्रकार. ३०० ग्रॅम मनुका-बेदाणे आणि १५० ग्रॅम ब्राऊन शुगर ३०० मिली कडक, गरम, बिनदुधाच्या चहात रात्रभर भिजवा. सकाळी २५० ग्रॅम मैदा, २ चमचे बेकिंग पावडर, १ चमचा दालचिनी-जायफळ पूड आणि एक अंडं घाला. अंडं चालत नसेल तर पाव वाटी दही आणि पाव चमचा खाण्याचा सोडा. ९०० ग्रॅमच्या लोफच्या भांड्यात १७० अंश सेल्सिअसवर ६० ते ७० मिनिटं भाजा. वरून लवकर काळा पडायला लागला तर ४० मिनिटांनी फॉइल झाका, बेदाण्यांतली साखर करपते. जुन्या रीतीत आत अंगठी, नाणं, वाटाणा, चिंधी घालत. अंगठी आली तर लग्न, नाणं आलं तर पैसा. लहान मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असल्याने वस्तू आत घालू नका. चिठ्ठ्या लिहून प्रत्येक कापाच्या ताटलीखाली ठेवा. 'चिंधी म्हणजे गरिबी' ही चिठ्ठी मात्र वगळा, पाच वर्षांचं मूल त्यावर रडतं. पाण्यात तोंड घालून सफरचंद पकडण्याचा खेळ खेळायचा तर सगळ्यांची तोंडं एकाच टबात जातात. त्याऐवजी सफरचंद दोऱ्याला बांधून मुलाच्या हनुवटीच्या उंचीवर टांगा, हात पाठीमागे. हाही खेळ तितकाच जुना आहे.

३१ तारखेच्या संध्याकाळी खऱ्या धोक्याकडे लक्ष द्या. अनोळखी माणूस खाऊत विष किंवा ब्लेड घालतो ही भीती दरवर्षी पसरते. डेलावेअर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊमुळे मूल दगावल्याचं एकही प्रकरण त्यांना खरं ठरलेलं आढळलं नाही. मोटारींचा धोका मात्र खरा आहे. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ च्या अपघातांच्या अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्के जास्त आढळला. ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी तो जवळजवळ १० पट होता. त्यामुळे मुखवट्याऐवजी चेहरा रंगवा, म्हणजे बाजूचं दिसतं. रंग आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा. पोशाख घोट्याच्या वर राहील असा दुमडा, पाठीवर चमकणारी पट्टी लावा. एका बाजूची सगळी घरं आधी, मग कोपऱ्यावर रस्ता ओलांडून दुसरी बाजू. ओसरीतला दिवा बंद असेल त्या घरी जायचं नाही, तीच तिथली खूण. निळसर-हिरवा भोपळा दिसला तर त्या घरी ॲलर्जीच्या मुलांसाठी खाऊशिवाय दुसरी वस्तूही मिळते. पाच वर्षांच्या मुलाला ८-१० घरं भरपूर होतात.

घरी आल्यावर खाऊ ताटात ओता आणि दोघांनी मिळून निवडा. तुम्ही शाकाहारी असाल तर मार्शमेलो आणि बहुतेक चिवट गमी बाजूला काढा, त्यांत जिलेटिन असतं, म्हणजे डुकराच्या किंवा गाईच्या कातडी-हाडांतून काढलेला पदार्थ. मुलीला पाकिटावरचा तो शब्द शोधायला शिकवलं की ती पुढच्या वर्षी स्वतःच निवडते. गोल टणक गोळ्या धाकट्याच्या वाट्यातून काढा.

२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सलगमचा कंदील शेवटचा लावा. घरातल्या गेलेल्या एखाद्या माणसाबद्दल आजींना एक गंमतशीर आठवण सांगायला सांगा. कोरलेला भोपळा खाण्याच्या लायकीचा राहत नाही, त्यातली बॅटरी काढून तो खतात टाका. घारग्यांसाठी दुकानात लहान, गोड 'पाय पंपकिन' वेगळा मिळतो, तो घ्या. कोरायचा मोठा भोपळा पाणचट आणि तंतुमय असतो, त्याचे घारगे तेलात फुटतात.